तुम्ही सांगाल ते

हेवा काही दार वाजवून येत नाही. पद्मजाच्या मनात तो शिरला तो भरदिवसा, अ‍ॅमस्टरडॅमशेजारच्या डीमन गावाहून निघालेल्या ट्रॅममध्ये, शेजारी बसलेल्या संहिताच्या हसण्याबरोबर.

संहिता तिथल्या मराठी मंडळींत नवी. नवऱ्याच्या, सौमित्रच्या, नोकरीमागून आली, आणि वर्ष फिरायच्या आत भाजीवाल्याशी डचमध्ये थट्टा करू लागली. पद्मजा मंडळींतली जुनी. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॉलेजात, जिथं मोठ्या माणसांना नव्यानं एखादा व्यवसाय शिकवतात, तिथं ती स्वागताच्या टेबलाशी बसायची. नवा विद्यार्थी आला, की तुला काय येतं, काय आवडतं, घरी लेकरं केवढी, हे विचारायचं, वर्ग निवडायला मदत करायची, वेळापत्रक लावून द्यायचं आणि शिक्षकांसमोरच्या मुलाखतीला तयार करायचं, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सीरियाची बाई असो की सुरिनामचा आजोबा, सगळ्यांना ती एकच मंत्र द्यायची.

"मान खाली घालून बसायचं नाही. 'मला हेच शिकायचंय' म्हणायचं. आपल्याला काय हवंय हे ज्याला सांगता येत नाही, त्याला ही माणसं जागा देत नाहीत."

हा मंत्र तिला फुकट मिळाला नव्हता. इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेली ही मुलगी, लग्न करून तिकडं गेली तेव्हा बोटांत कात्री घेऊनच गेली होती म्हणा ना. कापड हातात घेतलं, की त्याचा झगा व्हायचंय की झबलं हे तिला आधी कळायचं. याच कॉलेजात शिवणकामाच्या वर्गासाठी मुलाखतीला बसली. समोरच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" आणि पद्मजा चांगल्या घरच्या सुनेसारखी उत्तरली, "तुम्ही सांगाल ते."

आपल्याकडं याला वळण म्हणतात. तिथं त्याचा अर्थ झाला, या बाईला काहीच नकोय. घातलं तिला ऑफिसकामाच्या वर्गात. नवरा, विश्वास, म्हणाला, "बरंच झालं की! एवढ्या लांब येऊन काय टेलर व्हायचंय?" झालं. कात्री गेली फडताळात, पद्मजा आली स्वागताच्या टेबलाशी.

आणि आज ही पोर, शेजारी बसून, हात नाचवत सांगत होती.

"ताई, मला कोटच शिवायला शिकायचंय. सौमित्रचा जुना कोट उसवून बघितला मी. आत घोड्याच्या केसांचं कापड असतं, माहितीय? म्हणून तर छाती अशी ताठ राहते!"

"आणि सौमित्र काय म्हणाला?"

"बोंबलला. म्हटलं, बोंबल. पुन्हा शिवून दिला, तर आता म्हणतो पहिल्यापेक्षा बरा बसतो." ती खळखळून हसली. "आज त्याचा पापादाग ना, म्हणून निवांत आलेय. बाळाची खिचडीसुद्धा तोच करणारे."

पापादाग म्हणजे बापानं आठवड्यातला एक दिवस सुट्टी घेऊन लेकरू सांभाळायचं, ही तिथली रीत. झुइडास या बड्या कचेऱ्यांच्या भागातल्या काचेच्या इमारतीत नोकरी करताना विश्वासला ती रीत कधी आठवली नव्हती. पद्मजानं खिडकीबाहेर बघितलं. आई मागासाठी सुताच्या कांड्या भरताना म्हणायची ती ओवी कुठूनशी ओठांवर आली,

शेजीनं नेसलं गं, लुगडं जांभळं
पदर तिच्या डोई, माझं काळीज का जळालं

काळीज खरंच जळत होतं. पोरीच्या डचवर जळत होतं, तिच्या नवऱ्यावर जळत होतं, त्या उसवलेल्या कोटावर तर फारच.

"ताई, आज मुलाखतीत काय बोलू? शिवणाच्या वर्गात एकच जागा उरलीय म्हणे. ही गेली तर वर्षभर थांबायचं."

मंत्र जिभेवरच होता. पद्मजानं तो गिळला.

"फार पुढं पुढं करू नकोस," ती मायेनं म्हणाली. आवाजात माया कशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. "तिथल्या शिक्षिका जाणत्या आहेत. विचारलं, की म्हणायचं, तुम्ही सांगाल ते."

"नक्की?"

"मी रोज तेच काम करते ना गं."

"तुम्ही आहात म्हणून बरंय बाई," संहिता म्हणाली, आणि तिनं पद्मजाचा हात दाबला.

शिवणाच्या शिक्षिका अनेलीस हसतमुख होत्या, पण नेमक्या. पद्मजा बाजूला बसली. नव्या विद्यार्थ्याबरोबर बसायचा तिचा रिवाजच होता.

"शिवणकाम का?" अनेलीसनी विचारलं.

संहितानं ताईकडं बघितलं आणि मान लववली. "तुम्हाला योग्य वाटेल ते."

"पण तुला काय आवडतं?"

"तुम्ही सांगाल ते मी शिकेन."

ट्रॅममध्ये नाचणारे हात मांडीवर गप्प पडले होते. अनेलीसनी पेन खाली ठेवलं. राग नव्हता, कीव होती, आणि ती कीव पद्मजाला ओळखीची होती. "मग ऑफिसकामाचा वर्ग बरा. तिथं जागा आहे. सोमवारी सुरू करशील?"

संहितानं होकाराला मान हलवायला घेतली. डोळे भरले होते, पण वळण ते वळण.

पद्मजाला वाटलं होतं, आता थंड वाटेल. पण जळणं तिळभर कमी झालं नाही. उलट आता त्या खुर्चीत बसलेल्या दोघींचा, आजच्या संहिताचा आणि तेव्हाच्या पद्मजाचा, धूर नाकात जाऊ लागला.

"अनेलीस, थांबा," ती डचमध्ये म्हणाली. "हे तिचं बोलणं नाही. मी पढवलंय. चुकीचं पढवलंय." मग मराठीत, जरा खेकसूनच, "संहिता, कोटाचं सांग! मान वर कर आणि सांग!"

संहिता आधी बावरली. मग बोलू लागली. क्रियापदं घसरली, शब्द सापडेनात, तेव्हा तिनं सरळ उठून अनेलीसच्याच जाकिटाची बाही धरली आणि खांद्याची शिलाई कुठं ओढतेय ते दाखवलं. अनेलीस स्वतःच्या खांद्याकडं बघत राहिल्या, नि मोठ्यानं हसल्या. जागा संहिताला मिळाली.

बाहेर आल्यावर संहिता हसली नाही.

"बाकीच्यांनाही हेच सांगता?"

"नाही."

"मग मलाच का?"

"मला हवा होता तो वर्ग."

"कधी?"

"तुझ्याएवढी होते तेव्हा. आत्तासुद्धा."

"मग मागायचा होतात की! माझा कशाला बुडवायचा?" संहिता जिन्याकडं वळली. "अजूनही मागा. कोण नको म्हणतंय तुम्हाला?"

ती तरातरा जिना उतरून गेली. रागातसुद्धा 'मागा' किती सहज म्हणाली पोर! पद्मजाला त्या सहजपणाचाही हेवा वाटला.

संध्याकाळी विश्वासनं ताटावर बसता बसता विचारलं, "काय गं, लागली का त्या पोरीची वर्णी?"

"लागली. आणि मी जळतेय."

"कशावरून? शिवणाच्या वर्गावरून?" तो हसला.

"हो. शिवणाच्या वर्गावरून. मला हेच शिकायचंय."

तिनं आमटीची वाटी त्याच्यापुढं ठेवली आणि तिथंच उभी राहिली. तिच्या तोंडाकडं बघता बघता विश्वासचं हसू विरलं.