बाराच्या भोंग्यापर्यंत

जागेपणी सिग्ने गप्प बसली आहे, हे दृश्य त्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. झोपेतसुद्धा ती अधूनमधून एखादा राहिलेला मुद्दा निकालात काढायची. तिचा बाप लाइल मात्र उलटा. तो कागदाच्या गिरणीत बॉयलर सांभाळायचा. तिथल्या धडधडाटात बोलणं म्हणजे निव्वळ श्रम वाया, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याची बोलायची सवयच सुटली होती. "दोघांची सरासरी काढली तर एक बरं माणूस तयार होतं," असं सिग्नेची आई मार्ला म्हणायची.

न बोलणाऱ्या माणसाचीही एखादी इच्छा असते. लाइलला आयुष्यात एकदा आफ्रिकेतल्या नामिबियात जाऊन कुडू या सांबराएवढ्या जनावराची शिकार करायची होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या भागात घराघरात हरणांची शिंगं टांगलेली असतात, पण ती सगळी काट्याकुट्यांसारखी. कुडूची शिंगं म्हणजे कुणी निवांत बसून पीळ भरत वर नेल्यासारखी. कितीतरी वर्षं हे मनात होतं. आता येत्या जूनमध्ये जायचं नक्की झालं आणि सोबत कुणाला न्यायचं हेही ठरलेलं होतं. सिग्नेला नुकतं बारावं सरून तेरावं लागलं होतं. त्या गावात या वयाची मुलं हरणांच्या मोसमात शाळेला सर्रास दांडी मारतात आणि शिक्षकही त्या दिवसांत शाळेत सापडत नाहीत.

घोटाळा पहिल्याच व्हिडिओ कॉलवर झाला.

पलीकडे ओकर्ट ब्रांट होता. त्याचं तिकडे मोठं रान होतं आणि शिकारीला आलेल्यांची सोय तोच करायचा. "माफ करा हं, कवळी नवीन आहे. अजून बसली नाही नीट," एवढं बोलून त्याने नमस्कार केला. ती त्याची शेवटची मोकळी संधी ठरली. तिथे साप पलंगाखाली येतात का, वाळवीच्या वारुळावर उभं राहिलं तर ते मोडतं का, कुडूचं मटण हरणासारखं लागतं की गायीसारखं, ड्वेनमामा घोरतो तेव्हा भिंतीवरची शिंगं खरोखर हलतात हे काकांना खरं वाटतं का, असं सगळं सिग्नेने एका दमात विचारलं. उत्तरांसाठी ती थांबली नाही, कारण पुढचे प्रश्न तयार होते.

शेवटी ओकर्टने घसा खाकरला.

"लाइल, मुलगी गोड आहे. पण कुडूचे कान पाहिलेत ना? डोक्याला दोन्हीकडून सुपं लावावीत तसे असतात. तो तुमचा शब्द ऐकत नाही, शब्दाआधीचा श्वास ऐकतो. आमचा येसाया माग काढत पुढे चालतो, सगळं हाताच्या खुणांनी सांगतो. दिवसभर तोंडातून एक शब्द काढत नाही. तुम्ही विचार करा."

लाइलने विचार केला. सिग्नेला न्यावं की नाही हा प्रश्न शुक्रवारी संध्याकाळी, तळलेला मासा खायला सगळं गाव जमतं त्या खाणावळीत, ड्वेनमामासमोर बाहेर पडला.

"मी येतो की!" ड्वेन म्हणाला. तो मार्लाचा थोरला भाऊ. "मी कुठे बोलतो?"

"तू घोरतोस मामा," सिग्ने म्हणाली. "गेल्या वर्षी मचाणावर घोरलास तेव्हा शेजारच्या कार्लसनांचा कुत्रा शोधायला आला होता, कोण जखमी झालंय म्हणून."

"घोरणं हे बोलणं नाही. घोरणं निसर्गाचा आवाज आहे. हरणांना त्याचं काही वाटत नाही."

"मग तुला कधी हरीण का मिळालं नाही?"

"सिग्ने," मार्ला म्हणाली, "बटाटा खा."

लाइलने काटा खाली ठेवला. तो काटा खाली ठेवायचा तेव्हा टेबलावरचे सगळे गप्प व्हायचे.

"मोसमाचा पहिला शनिवार," तो म्हणाला. "मचाणावर. उजाडायच्या आधीपासून बाराच्या भोंग्यापर्यंत. जो बोलेल तो घरी राहील."

त्याच्या मानाने ते भाषणच होतं. सिग्नेने लगेच हात पुढे केला, बापाने तो दाबला, आणि ड्वेनने दुसऱ्या दिवशी जाऊन सफारीचे कपडे घेतले.

खाकी शर्ट, त्याला काडतुसं अडकवायचे कप्पे, आणि बिबट्याच्या कातड्यासारख्या छापाचा पट्टा लावलेली टोपी. बाहेर गुडघाभर बर्फ असताना तो या वेशात जेवायला यायला लागला.

"कपडे अंगात मुरावे लागतात," तो म्हणायचा.

"तिकीट निघालं नाही अजून तुझं," मार्ला म्हणायची.

"निघेल. पोरगी शनिवारी न्याहारीलाच बाद होणार."

सिग्नेलाही तीच भीती होती. ते कबूल करण्याचा तिचा स्वभाव नव्हता, पण तोंड बंद ठेवून पाहिलं की गळ्याशी शब्दांची रांग लागायची आणि मागचे पुढच्यांना ढकलायचे. म्हणून तिने ओकर्टकाकांकडून येसायाच्या खुणांची चित्रफीत मागवली. सपाट पंजा पुढे, म्हणजे थांब. पंजा खाली दाबला, म्हणजे बस. कानांवर दोन बोटं उभी, म्हणजे शिंगं दिसली. नाकाशी मूठ नेऊन हात एका बाजूला फेकला, म्हणजे जखमी जनावराचा वास त्या बाजूने येतोय. येसायाला एवढ्यात भागत होतं. सिग्नेला भागेना. आठवड्याभरात तिने लोण्याची खूण काढली, गणिताच्या बाईंची काढली, 'मामा पुन्हा तीच टोपी घालून आलाय' याचीही काढली.

चर्चमधल्या लुटफिस्कच्या जेवणाला तर कहर झाला. लुटफिस्क म्हणजे क्षारात भिजवून लिबलिबीत केलेला मासा. नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं वर्षातून एकदा पूर्वजांच्या प्रेमाखातर तो गिळतात. पाद्री प्रार्थना म्हणत असताना सिग्नेने नाकाशी मूठ नेली आणि हात थेट माशाच्या परातीकडे फेकला. सरावामुळे घरातल्या सगळ्यांना ती खूण समजत होती. मार्लाला ठसका लागला. ड्वेन उठून बाहेर गेला आणि त्याचं हसणं खिडकीतून आत ऐकू येत राहिलं.

त्या रविवारी लाइल तिला सरावाला मचाणावर घेऊन गेला. ती अवाक्षर बोलली नाही. पण हात वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांसारखे चालू होते. दूरच्या झाडीत हरणाची एक मादी आली, तिने मचाणाकडे पाहिलं, शेपटीचा पांढरा झेंडा उभारला आणि ती दिसेनाशी झाली. हरणाला शिकाऱ्याचा नारिंगी कोट मातकट दिसतो, त्याला ते घाबरत नाही. ते घाबरतं हालचालीला.

"शनिवारी हात खिशात," लाइल म्हणाला.

आणि सिग्नेच्या पायाखालची फळी सरकली.

शनिवारी अंधारातच दोघं शिडी चढून मचाणावर बसले. सिग्नेने हात खिशात खोल घातले आणि ओठ दातांत धरले. हळूहळू उजाडलं. झाडं काळ्याची करडी झाली. दूर कुठेतरी मोसमाचा पहिला बार वाजला. तो कार्लसनांचा असणार आणि चुकलेला असणार, हे तिला सांगायचं होतं. तिने गिळलं. एका झाडाच्या बुंध्यावरचं बर्फ हुबेहूब मामाच्या पोटासारखं दिसत होतं. तेही गिळलं. आफ्रिका, ती स्वतःला म्हणत राहिली. आफ्रिका, आफ्रिका. तिकडे वाळवीची वारुळं माणसापेक्षा उंच असतात. तेही कुणाला सांगता येईना.

लाइलने तिच्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. मग हातमोजा काढून त्याने तिच्या कपाळाला हात लावला.

तिला वाटलं, बाबा टोपी सारखी करतोय.

एक इवलासा, काळ्या टोपीचा पक्षी येऊन बंदुकीच्या नळीवर बसला. एरवी यावर सिग्नेने निबंध सांगितला असता. ती नुसती डोळे मोठे करून बघत राहिली. लाइलने पुन्हा कपाळाला हात लावला.

"थंडी वाजतेय?" तो कुजबुजला.

सिग्ने दचकली. मान हलवणं नियमात बसतं की नाही, हे ठरलं नव्हतं. तिने डोळे मिटून उघडले.

बराच वेळ नुसतं बर्फ फांद्यांवरून गळत होतं. लाइल जागेवर चुळबुळला. गिरणीत शांतता झाली की त्याचा अर्थ बॉयलर बंद पडला असाच असतो, आणि घरात शांतता असण्याचा प्रश्नच नव्हता.

"मी तुझ्याएवढा होतो," तो अचानक हलक्या आवाजात म्हणाला. "न्हाव्याच्या दुकानात एक मासिक होतं. त्यात कुडूचं चित्र होतं. ते बघायला जायचो. पण गेलं की केस कापून घ्यावे लागायचे, नाहीतर तो बसू द्यायचा नाही. त्या उन्हाळ्यात इतके केस कापले की शेवटी कापायला काही उरलं नाही. तर न्हावी म्हणाला, पोरा, ते पानच घेऊन जा, मला तुझी टाळू बघवत नाही."

सिग्नेच्या छातीत प्रश्नांचा नुसता भडका उडाला. ते पान कुठेय? आजी काय म्हणाली? शाळेत तुला काय चिडवायचे? तिच्या बापाने जन्मात पहिल्यांदा एक अख्खी गोष्ट सांगितली होती, आणि तिला साधं "मग?" म्हणता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लाइलने तिसऱ्यांदा कपाळ चाचपलं.

तेवढ्यात हरीण आलं.

मोठा नर होता. पाइनच्या झाडांमधून तो झपझप निघाला होता, ना वेग कमी करत होता, ना उभा राहत होता. लाइलने बंदूक खांद्याला लावली. नळी हरणाबरोबर फिरत गेली. एक मोकळी जागा गेली, मध्ये झाड. दुसरी गेली, पुन्हा झाड. पुढे एकच उघडी जागा उरली होती आणि तिच्यापलीकडे दाट राई. लाइल चालत्या जनावरावर कधी गोळी झाडत नसे, हे सिग्नेला माहीत होतं. हरीण शेवटच्या उघड्या जागेत शिरलं.

"ए, थांब!" सिग्ने ओरडली.

हरीण थांबलं. पुरतं आडवं, मान वळवून, कोण बोललं ते पाहत.

बार वाजला नाही.

मग गावात बाराचा भोंगा वाजला. तो लांबलचक वर चढत गेला, आणि हरीण शेपटी उभारून राईत गेलं.

सिग्ने दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. आफ्रिका गेली होती. भोंग्याला जरा कुठे घाई असती तर वाचली असती.

"गोळी का नाही झाडलीस?" तिने हातांआडूनच विचारलं.

लाइलने बंदूक मोकळी केली. त्याचा चेहरा विचित्र झाला होता.

"तू थांब म्हणालीस."

"मी त्याला म्हणाले, बाबा!"

"असेल. पण आम्ही दोघंही थांबलो."

घरी ड्वेन खाकी वेशात टेबलाशी बसला होता. मार्लाने सूप वाढलं. सिग्नेने आत येताच, बूटही न काढता सांगून टाकलं, "मी बोलले. भोंगा व्हायच्या आधी."

"अरेरे!" ड्वेन म्हणाला. टोपी मात्र त्याने अधिक घट्ट बसवली. "वाईट वाटलं हं पोरी. पण शब्द म्हणजे शब्द."

"मीही बोललो," लाइल म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तू?" मार्लाने पळी खाली ठेवली. "काय बोललास?"

"न्हाव्याचं."

"कुणी विचारलं होतं का?"

"नाही. ती गप्प होती." लाइलने सुपात पाहिलं. "मला वाटलं ताप आलाय."

मार्ला खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने भांडी पुसायचं फडकं डोळ्यांना लावलं. "जो बोलेल तो घरी राहील, असंच ठरलंय ना? मग तुम्ही दोघं घरी राहा. मी आणि ड्वेन जातो आफ्रिकेला."

"मी तुझ्याबरोबर?" ड्वेन घाबरून म्हणाला. "तू रात्री मला लाथा मारशील, घोरलो की."

लाइल उठला आणि त्याने ओकर्टला फोन लावला. शब्द दिलेला होता, तो त्याला स्वतः मोडता येणार नव्हता, म्हणून निकाल त्याने ओकर्टवर सोडला. त्याने घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि शेवटी जे कधी कुणापाशी बोलला नव्हता ते बोलला. "ओकर्ट, माझा नियम मीच मोडला. पण मला तिलाच आणायचंय."

पडद्यावर ओकर्ट रात्रीचं जेवत होता. त्याने घास थांबवला. "एक मिनिट. हरणाने काय केलं म्हणालात?"

"थांबलं."

"पळत होतं आणि थांबलं?"

"चालत होतं. आडवं उभं राहिलं."

"आणि बघितलं तिच्याकडे?"

"हो," सिग्ने मागून म्हणाली. "जरा रागाने."

ओकर्टने रुमालाने तोंड पुसलं. "हे बघा. कुडू उठून पळाला की टेकडीच्या माथ्यावर एकदा थांबतो, मागे वळून बघतो. थांबला नाही तर मी शिट्टी घालतो, मग थांबतो. आमच्याकडचे सगळेच शिकारी असं करतात. पण ही कवळी बसवल्यापासून माझी शिट्टी म्हणजे..." त्याने ओठ गोल करून दाखवलं. नुसती हवा आली आणि कवळी हलली. "येसाया म्हणतो, शिट्टी घालणं माझं काम नाही, मी माग काढतो. डुकराएवढा हट्टी आहे. तेव्हा दिवसभर गप्प आणि माथ्यावर एक हाक, असं जमेल का तिला?"

"सकाळभर जमलं," लाइल म्हणाला.

"मग आणा. आणि तो दुसरा, भिंतीवरची शिंगं हलवणारा, त्याला नको."

ड्वेनने टोपी काढून टेबलावर ठेवली. जरा वेळाने सिग्नेच्या डोक्यावर ठेवली. ती तिच्या नाकापर्यंत आली.

"बाबा," टोपीखालून आवाज आला, "ते पान आहे का अजून? आणि आजी काय म्हणाली? टाळूला ऊन लागलं नाही? आणि विमानात बोललेलं चालतं ना, कारण नकाशावर बघितलं तर ते सगळा समुद्र ओलांडून—"

लाइलने सपाट पंजा पुढे केला.

सिग्ने थांबली. हरीण थांबलं होतं तेवढाच वेळ.