वर्षभर उभी असलेली गाडी

गाडी कमी चालली म्हणजे टायर नवेच, असं मानणारे आपल्यात थोडेथोडके नाहीत. पोलादपूरजवळच्या उमरठचा सार्थक त्यांतलाच. त्याची गाडी वर्षभर मुंबईत इमारतीखाली उभी असायची आणि गणपती-शिमग्यालाच काय ती पोलादपूरचं तोंड बघायची.

त्या शिमग्याला त्याने पुतणीला, श्रुतिकाला, आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला न्यायचं ठरवलं. पोर नटूनथटून गाडीत बसलीसुद्धा. तेवढ्यात तिची आई अपेक्षा बाहेर आली, चाकापाशी वाकली आणि तिचा चेहरा उतरला.

“श्रुतिका, खाली उतर गो.”

“काय झालं वहिनी? टायरची नक्षी बघ, जराशी झिजलेली नाय!” सार्थक हसला.

“तुमच्या दादाच्या टायरची तरी कुठं झिजली होती?”

त्याचं हसू मावळलं. त्याचा थोरला भाऊ रामा, अपेक्षाचा नवरा, गेल्या वर्षी महाडजवळ हायवेवर अपघातात गेला होता. टायर फुटला, गाडी उलटली. नशीब म्हणून सगळे गप्प बसले. अपेक्षा बसली नव्हती.

“पोलिसांच्या आवारात ती गाडी मी बघून आले, भावोजी. तपासायला आलेल्या साहेबांनी दाखवलं. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीत शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. टायर कधी बनला त्याचं. आता तुमचा वाचा.”

सार्थक वाकला. १११४. “अकरावा आठवडा… दोन हजार चौदा!” रबराला पडलेल्या बारीक भेगाही आता त्याला दिसल्या. “हळू चालवीन, वहिनी.”

“ते पण हळूच चालवीत होते! रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. उन्हात, भरल्या गाडीत ते तग धरत नाय.”

सार्थक तिथेच मातीत बसला. “दादानं मला विचारलं होतं, टायर बदलू का. मीच बोललो, राहू दे, नवेच हायत.”

अपेक्षाने श्रुतिकाला हात धरून गाडीतून उतरवलं. मग म्हणाली, “आता सगळ्यांना सांगा.”

गाडी दारातच राहिली. त्या दिवशी पालखीला आलेल्या प्रत्येक मुंबईच्या गाडीपाशी सार्थक वाकत होता. लोक हसले, काहींनी मात्र वाचलं आणि परतायच्या आधी महाडला जाऊन टायर बदलले.

वाचकहो, नक्षी बघून टायरचं वय कळत नाही. पाच-सहा वर्षं झाली की जाणकाराला दाखवा, दहा झाली की काढूनच टाका. वय प्रत्येक टायरवर लिहिलेलं असतं. रामाच्याही होतं. कुणी वाचलं नाही.