नाईटनंतरचा दिवस

मृदुलाने फळा आणला तो रविवारी. पांढरा, गुळगुळीत, फडक्याने पुसता येणारा. फ्रिजशेजारी खिळा ठोकायचं काम धैर्यशीलने केलं आणि यशश्रीने पट्टी धरून त्यावर सात रकाने आखले, सोमवार ते रविवार. जानेवारीपासून मृदुला कारेलीबागेतल्याच एका ट्युशन क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवायला जाणार होती. डिसेंबरातही अधूनमधून बोलावणं येणार होतं. मागे घर सुरळीत चालायचं तर कोणी कोणत्या दिवशी काय करायचं ते आधीच ठरलेलं बरं, असं तिचं म्हणणं होतं आणि त्यात खोड काढण्यासारखं काही नव्हतं.

तिच्या सासूबाई, इंदिराबाई, टेबलाशी लसूण सोलत बसल्या होत्या. फळा भरत चालला होता. सोमवारी चादरी, मंगळवारी किराणा, बुधवारी पंखे आणि जाळ्या. धैर्यशील सावली गावातल्या कारखान्यात जायचा, तो सकाळी सातला बाहेर पडे. त्याच्या नावावर रविवार आला. सासरे विश्वंभरराव यांच्या नावावर शनिवारी इस्त्रीचे कपडे पोचवणं आणि आणणं एवढंच आलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं आणि पुरेसं आहे म्हणाले.

"आणि गुरुवार तुमचा, आई," मृदुला म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही कशालाच हात लावायचा नाही. सकाळी निजामपुऱ्यात भजनाला जा, निवांत संध्याकाळी या."

एकसष्ट वर्षांत कोणी त्यांच्या नावावर एक अख्खा दिवस लिहिला नव्हता. दुसरी बाई असती तर तिचे डोळे भरून आले असते. इंदिराबाईंनी लसणाची पाकळी वाटीत टाकली.

"गुरुवार नको," त्या म्हणाल्या.

"मग कोणता देऊ?"

"राहू दे. बघू मग."

मृदुलाला वाटलं, संकोचतात. तिने गुरुवारच्या रकान्यात हिरव्या शाईने "आई – सुट्टी" असं लिहून टाकलं.

अडचण अशी होती की इंदिराबाईंचा दिवस आधीच ठरलेला होता, आणि तो कोणत्याही वाराला बांधलेला नव्हता.

विश्वंभरराव रिफायनरीत शिफ्टला होते. पस्तीस वर्षं. दोन दिवस फर्स्ट, दोन दिवस सेकंड, दोन नाईट आणि दोन दिवस ऑफ, की पुन्हा पहिल्यापासून. ज्या घरातला माणूस असा जातो-येतो त्या घराला रविवार नसतो. मटण कधी आणायचं, पाहुण्यांना कधी बोलवायचं, डोक्यावरून कधी न्हायचं, सगळं शिफ्टवर. दुसरी नाईट करून विश्वंभरराव सकाळी सातला घरी येत, चहा घेत आणि आडवे होत ते थेट दुपारी तीनला उठत. तेव्हा ते निजामपुऱ्यात एका खोलीत राहत. त्या दिवशी कुकरची शिटी नाही, मिक्सर नाही, कूट नाही, नळाखाली बादली नाही. बाकीचे सात दिवस इंदिराबाईंना मान वर करायला सवड नसे, आणि त्या दिवशी मात्र मनात असूनही काम करता येत नसे.

त्याच गल्लीत पाच घरं सोडून मोहना राहायची. तिचा नवरा जगदेवराव त्याच बॅचचा, म्हणजे तोही त्याच वेळी घोरत पडलेला. एकदा दोघी आपापल्या दाराबाहेर पायरीवर बसून पापडीच्या शेंगा निवडत होत्या. मोहना म्हणाली, "वहिनी, इथे भिंतीला टेकून बसायचं तर बागेत झाडाला टेकून बसू ने." त्या दिवशी दोघी भाजीच्या पिशव्या घेऊन कमाटीबागेत गेल्या. तेव्हापासून चोवीस वर्षं, दर आठव्या दिवशी, त्या जात होत्या. हिवाळ्यात पापडी आणि तुवेरच्या शेंगा, उन्हाळ्यात वाळवणाची गवार, कधी नुसते तांदूळ. हात चालू, तोंड चालू. येताना एका गाडीवर सेव-उसळ खायची आणि तीनच्या आत घरी.

नवऱ्याला सांगायचं असं पहिल्या वेळी सुचलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सांगण्याएवढं काही वाटलं नाही. मग विश्वंभरराव एका लग्नात चारचौघांत म्हणाले, "माझी नाईट झाली ने, की आमची ही श्वाससुद्धा जपून घेते. आठ तास एका जागी बसून राहते, आवाज नाही." बायकांनी इंदिराबाईंकडे कौतुकाने पाहिलं. त्यानंतर सांगण्याची वेळ निघून गेली. पुढे ते हे दर लग्नात सांगू लागले.

तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. तोवर सगळे कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. पण जगदेवरावांची तेव्हा अजून पाच वर्षं शिल्लक होती, म्हणजे मोहनाचा आठवडा अजून आठच दिवसांचा होता. तेव्हा इंदिराबाईंनी निजामपुऱ्यातलं भजन काढलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर आठव्या तारखेखाली त्या पेन्सिलीने बारीक टिंब द्यायच्या आणि त्या दिवशी भजनाला जायच्या. घरात कोणी वार मोजले नाहीत. आता भिंतीवर वार टांगले होते. दिवस एकदा त्या रकान्यात बसला की पक्का होणार, आणि पक्का झाला की मोहना सुटणार, हे त्यांना लसूण सोलता सोलताच कळलं होतं.

फळा येण्याच्या आदल्या दिवशी, सहा तारखेला, त्या जाऊन आल्या होत्या. पुढचं टिंब चौदाला होतं, रविवारी.

"रविवारी पण भजन?" मृदुलाने विचारलं.

"आज तिथे आहे," इंदिराबाई म्हणाल्या आणि चपला घातल्या. शक्य तिथे, जे खोटं नाही तेवढंच बोलायची त्यांना सवय झाली होती.

बावीसला सोमवार आला. मृदुलाला क्लासने दहा वाजता बोलावलं होतं आणि अकराला गिझर दुरुस्त करणारा यायचा होता. फळ्यावर लाल शाईत लिहिलं होतं, "गिझर – आई." इंदिराबाईंनी ते दोनदा वाचलं. मोहना एव्हाना बसस्टॉपवर आली असणार. विश्वंभरराव गॅलरीत पेपर वाचत होते.

"अहो, गिझरवाला येईल. दार तेवढं उघडा."

"हं," पेपराआडून आवाज आला.

गिझरवाला आला. विश्वंभररावांनी दार उघडलं आणि ते त्याला गुजरातीत म्हणाले, "भाई, घरमां कोई नथी. पछी आवजो." कोणी नाही, नंतर या, हे ऐकून तो गेला, आणि आठवडाभर येत नाही असा त्याचा फोन आला. थंडीचे दिवस होते.

संध्याकाळी चहाच्या वेळी मृदुलाने हे ऐकलं तेव्हा ती सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, तुम्ही होतात ने घरात."

"मी होतो. पण घरातलं कोणी नव्हतं."

"आजोबा, मग तुम्ही कुठले?" यशश्री म्हणाली. तिला आईने डोळ्यांनी गप्प केलं.

"आणि आई, तुम्ही?"

"भजनाला गेले होते."

"त्या शनिवारी भजन. मग रविवारी भजन. आज सोमवार, आज भजन. पुढचं मंगळवारी असेल, नाही?"

मृदुलाने हे टोमणा म्हणून म्हटलं होतं.

"हो, मंगळवारी," इंदिराबाई म्हणाल्या.

मृदुला उठली आणि तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. गणित शिकवणारी बाई ती. टिंबं सापडायला तिला वेळ लागला नाही. सहा, चौदा, बावीस, तीस. मागची पानं उलटली, तिथेही टिंबं. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि काळजी आली. सासूबाईंच्या डोक्यात काही गोंधळ तर होत नाही ना, असं तिला वाटलं. "आई, हे कशाचं आहे? औषधाचं? काही उपास धरलाय?"

"आण इकडे," विश्वंभरराव म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला. बोटावर मोजलं. ओठ हलत होते, फर्स्ट, फर्स्ट, सेकंड, सेकंड. मग त्यांनी कॅलेंडर टेबलावर ठेवलं.

"हा आमच्या बॅचचा नाईटनंतरचा दिवस आहे."

इंदिराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पाच मिनिटांत सांगून झालं, मैत्रिणीचं नाव तेवढं त्यांनी घेतलं नाही. चोवीस वर्षांचं असूनही त्यात सांगण्यासारखं फार नव्हतं.

"म्हणजे मी झोपलेलो असायचो तेव्हा तू घरात नसायचीस," विश्वंभरराव म्हणाले.

"नसायचे."

"आणि दार?"

"बाहेरून कुलूप लावायचे. उघडं कसं टाकणार?"

"मला आत कोंडून?"

"तुम्ही तीनच्या आत कधी उठलात?"

"अगं, आग लागली असती तर? मी तिथे दर महिन्याला शंभर माणसांची फायर ड्रिल घेत होतो. आणि इकडे माझ्या घराला एकच दार, त्यालाही कुलूप."

"किल्ली माझ्याजवळ होती," इंदिराबाई म्हणाल्या. यशश्री तोंडावर ओढणी धरून आतल्या खोलीत पळाली.

तीन दिवस विश्वंभरराव बायकोशी बोलले नाहीत. चहा घेत, जेवत, आणि गॅलरीत जाऊन बसत. इंदिराबाईंनीही मनधरणी केली नाही. मंगळवार, तीस तारीख, त्यांच्या डोळ्यांसमोर होता. बावीसची गोष्ट त्यांनी मोहनाला फोनवरून सांगितली नव्हती, कारण पहिले दोन दिवस जगदेवराव ऑफला घरीच होते, आणि नंतर ती फोनवर सांगण्यापेक्षा बागेतच सांगावी असं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी त्या तांदूळ निवडत असताना विश्वंभरराव समोर येऊन बसले.

"बॅचमधले अजून नाईट करणारे निजामपुऱ्यात आता तिघंच राहिले. एकाची बायको नाही, एक वरच्या मजल्यावर मुलाबरोबर राहतो, त्या घराला कुलूप लागत नाही. म्हणजे तुझी ती मैत्रीण, जगदेवची बायको."

इंदिराबाई खडे वेचत राहिल्या.

"म्हणजे जगदेव अजून कोंडला जातो?"

"जातो."

विश्वंभररावांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा इंदिराबाईंना आधी वाटलं, रडतात. ते हसत होते. डोळे पुसून म्हणाले, "मागच्या महिन्यात लग्नात भेटला होता. मला सांगत होता, माझी बायको नाईटनंतर पैंजणसुद्धा काढून ठेवते."

"त्यांना सांगायचं नाही."

"मी कशाला सांगू?"

"हसायचं पण नाही त्यांच्याकडे बघून."

हे वचन द्यायला त्यांना जास्त वेळ लागला.

मृदुला हे दारातून ऐकत होती. ती आत आली. तिचा मुद्दा साधा होता. मैत्रिणीला भेटायला तिची ना नव्हती. पण आठाचा दिवस साताच्या फळ्यावर कसा बसवायचा? कधी तो चादरींवर येणार, कधी किराण्यावर. तीस तारखेलाच पाहा, गिझरवाला परत येतोय आणि तिला क्लास आहे.

"त्यात काय," विश्वंभरराव म्हणाले. शिफ्टचा विषय निघाला की त्यांची पाठ ताठ व्हायची. "प्लांट चोवीस तास चालतो, तिथे वार कोण विचारतो? माणूस ऑफला गेला की त्याच्या जागी रिलीव्हर येतो. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, एवढा एकच नियम पाळला की झालं."

"बराबर. मग आईंचा रिलीव्हर कोण?"

विश्वंभररावांनी धैर्यशीलचं नाव घेण्यासाठी तोंड उघडलं. तो सावलीला होता. यशश्री शाळेत. मृदुला क्लासला. घरात कोण उरतं ते मोजायला बोटं लागली नाहीत. मृदुलाने फडक्याने गुरुवारचा रकाना पुसला आणि मंगळवारखाली हिरव्या शाईत लिहिलं, "आई – ऑफ. रिलीव्हर – बाबा." त्याच्या शेजारच्या रकान्यांत एकेक करून पुढच्या तारखाही लिहिल्या: सात, पंधरा, तेवीस, एकतीस. यशश्रीच्या रेघांना त्यामुळे तिरपी वाट फुटली.

तीस तारखेला सकाळी आठला इंदिराबाई तयार झाल्या. पिशवीत दोन किलो पापडी, सुरी, जुनं वर्तमानपत्र. दारात विश्वंभरराव उभे होते. हातात यशश्रीची जुनी वही होती.

"चार्ज दे," ते म्हणाले.

"कसला?"

"चालू काय, बंद काय, सगळं. तसं सोडून जाता येत नाही."

इंदिराबाईंना आधी ती थट्टा वाटली. पण वहीवर तारीख टाकलेली होती आणि वेळही. त्या परत आत गेल्या. गॅसचा बाटला अर्धा आहे. दूध तापवलंय, खालच्या कप्प्यात. दही साडेदहाला फ्रिजमध्ये ठेवायचं, नाहीतर आंबेल. टाकी भरली की मोटर बंद. यशश्री एकला येईल, तिची डाळ-भाकरी झाकून ठेवलीय, डाळ तिला गरम लागते. ते सगळं लिहून घेत होते आणि मध्ये मध्ये विचारत होते. टाकी भरली हे कळतं कशावरून? दही आंबलं तर त्याचं काय करतात? भाकरी झाकलीय ती कशाखाली? सदतीस वर्षं त्यांच्या हातचं जेवलेला माणूस एकेका डब्याचं झाकण उघडून आत पाहत होता.

"आणखी काही? रोजच्यापेक्षा वेगळं?"

"गॅलरीत मांजर येतं."

त्यांनी तेही लिहिलं. "सही कर."

इंदिराबाईंनी सही केली. खाली आल्या तेव्हा साडेआठची बस गेलेली होती. दुसरीला पंचवीस मिनिटं लागली.

कमाटीबागेत नेहमीच्या बाकावर मोहना बसली होती. तिची पापडी निम्मी झाली होती.

"मला वाटलं, येत नाही आज," ती म्हणाली. "पहिल्यांदा उशीर."

"चार्ज देत होते," इंदिराबाई म्हणाल्या, आणि बसल्या, आणि सगळं सांगितलं. मोहनाचा हात थांबला. तिने आधी जगदेवरावांचं विचारलं. सांगणार नाहीत, असं इंदिराबाई म्हणाल्या. मोहनाने मान हलवली, पण सुरी पुन्हा चालायला थोडा वेळ गेला.

दहाला फोन वाजला. विश्वंभरराव होते, मोटरचं बटण वरचं की खालचं? खालचं. साडेअकराला पुन्हा वाजला. गिझरवाला आलाय आणि विचारतोय, आधी कोणी उघडला होता का? नाही. मग मोहना सांगायला लागली की पुढच्या वर्षी त्यांची खोली सोडायचं चाललंय. मुलगा दुसरीकडे जागा बघतोय, पार रेल्वेच्या पलीकडे, आणि तिथून ही बाग दोन बसचा रस्ता. तिचं बोलणं अर्ध्यात आलं होतं तेव्हा फोन तिसऱ्यांदा वाजला. इंदिराबाईंनी पिशवीत पाहिलं, पापडीच्या सालांखाली तो थरथरत होता. वाजून वाजून तो बंद झाला.

"दोन बस म्हणजे किती वेळ?" त्यांनी विचारलं.