दहा सेकंद

नोटबुर्गाच्या हातातल्या स्टॉपवॉचनं सव्वीस वर्षांत कुणाला भीक घातली नव्हती. श्टायरिया प्रांतातल्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर शर्यतीआधीची तपासणी तिच्याकडे असायची. एकेकाळी जगज्जेतेपदासाठी धावलेल्या आणि आता हौशी लोकांनी विकत घेतलेल्या त्या एकआसनी गाड्या. कुणी दंतवैद्य, कुणी हॉटेलवाला; गेब्हार्टची लाकडाची गिरणी. नियम मात्र सगळ्यांना सारखा. पट्टे सोडा, स्टिअरिंग काढा, त्या चिंचोळ्या खळग्यातून बाहेर पडा, स्टिअरिंग परत बसवा. दहा सेकंदांत. आग काही कुणाचं वय विचारत नाही.

शनिवारी सकाळी गेब्हार्टला चौदा लागले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, त्यात बदललेला गुडघा. दुसऱ्यांदा तेरा. तिसऱ्यांदा बाहेर आला तो धापा टाकतच.

"किती?"

"बारा. वर थोडं."

"तुझं घड्याळ पळतंय."

"घड्याळ नाही पळत. तू रांगतोयस."

तो हसला. मग चाकावर टेकून हळू आवाजात म्हणाला, "बुर्गी, गाडी विकलीय मी. सोमवारी न्यायला येतायत. उद्याची शेवटची. तेवढी होऊ दे."

नियम सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. पण तिचा नवरा गेला तेव्हा याच माणसानं आपल्या गिरणीतल्या लाकडाची शवपेटी करून दिली होती, आणि खांदाही दिला होता. दोन सेकंदांनी असं काय आभाळ कोसळणार होतं? तिनं कागदावर ९.६ लिहिलं आणि सही केली. तेव्हा तिला बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी आठव्या फेरीत पिटसमोरच्या वळणावर गेब्हार्टची गाडी भिंतीवर आदळली. मागून धूर निघाला आणि लगेच ज्वाळा. कठड्याशी उभ्या नोटबुर्गाच्या अंगठ्यानं सवयीनं बटण दाबलं. पट्टे सुटले. स्टिअरिंग बाहेर पडलं. दोन्ही हात वर आले, खांदे आले. नऊ. दहा. गुडघा काही वर येईना. आग विझवणारे धावत होते, पण ज्वाळा त्यांच्याआधी पुढे पोचल्या. अकराव्या सेकंदाला त्याचं हेल्मेट दिसेनासं झालं.

संध्याकाळी इस्पितळात डॉक्टर सांगायचं ते सांगून गेले. बाकावर गेब्हार्टची बायको आडेले बसली होती. सगळं कबूल करायचं ठरवूनच नोटबुर्गा तिच्या शेजारी बसली. आडेलेनं तिचा हात धरला.

"दोन महिने घरी सराव करत होता गं. आंघोळीच्या टबात बसायचा आणि मला घड्याळ धरायला लावायचा. बाराच्या खाली एकदाही आला नाही."

नोटबुर्गा सांगायला तिच्याकडे वळली.

"मी काही बोलले नाही. बोललं की आठवडाभर अबोला. म्हटलं, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा, तिथे बुर्गी आहे. ती नाही सोडायची. मग काल त्याचा फोन आला, पास झालो म्हणून." आडेलेनं डोळे पुसले. "तू लिहिलंस म्हणजे जमलंच असणार त्याला. काल रात्री दोन महिन्यांनी पहिल्यांदा निवांत झोपले मी."