सेव्ह न केलेली नावं

वार्डो बंदरातल्या मासळी कारखान्यात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळणारा ओडवार वसंतात कॅन्सरने गेला आणि त्याचं काम रागन्हिल्डवर आलं. सगळी यंत्रं नेटवर्कला जोडणारा जुना डबा, म्हणजे स्विच, अडखळायला लागला, तेव्हा मॅनेजर स्वेर्रे म्हणाला, "अगं, बघत काय बसलीस? बंद करून चालू कर."

तिने आधी स्क्रीनवर स्विचमधली जोडण्यांची यादी उघडली. आजारपणात ओडवारने एकेका जोडणीला नाव देऊन ठेवलं होतं: 'बर्फखाना', 'कुरकुऱ्या वजनकाटा', तिच्या टेबलाला 'कॉफी आण गं!' ती एकटीच हसली आणि तिने स्विच बंद करून चालू केला.

स्विच धडधाकट उठला, पण नावं गेली. सेव्ह न केलेलं सगळं स्विच बंद होताच पुसलं जातं; ओडवारने ती सेव्हच केली नव्हती आणि तिनेही तपासलं नव्हतं.

"चाललं की!" स्वेर्रे म्हणाला. "रडतेस कशाला? नावंच होती ना, परत टाइप कर."

"करते. पण ती आता माझी असणार, त्याची नाही."

स्वेर्रेने हळूच विचारलं, "माझ्या खोलीला काय लिहिलं होतं गं त्याने?"

"'दार आपटू नको.'"

स्वेर्रे हसायला गेला आणि मध्येच थांबून तिच्या स्क्रीनकडे वळला. "ते आधी लिही," तो म्हणाला, "आणि लगेच सेव्ह कर."