गाळ घेऊन परतलेलं जहाज

लग्नाला सहा वर्षं झाली, तरी सासरा आणि सून यांचं बोलणं "चहा ठेवू का?" आणि "ठेव" यापलीकडे गेलं नव्हतं. म्हातारा जन्मभर गाळ काढणाऱ्या जहाजावर होता. तळाशी लांबलचक पाइप सोडायचा, गाळ ओढून जहाजाच्या पोटात भरायचा आणि भर समुद्रात नेऊन टाकायचा, हे त्याचं काम. गल्ली त्याला कप्तान म्हणायची. कप्तान तो कधीच नव्हता, पण त्यानं कुणाला दुरुस्तही केलं नाही.

गुडघ्यांनी दगा दिला आणि तो खुर्चीला खिळला. मग एक दिवस सुनेनं मोबाइलवर त्याचं जहाज शोधून काढलं. लांबी सत्त्याण्णव मीटर, रुंदी साडेअठरा, आणि निळ्या नकाशावर सरकणारा इवलासा बाण. "माझंच की हे," म्हणत तो उगाचच चष्मा पुसत बसला. तेव्हापासून चारच्या चहाला ती शिलाईचं मशीन थांबवायची आणि वाचायची: जहाज कुठे आहे, वेग किती, पाण्यात किती बुडालंय. त्यावर कप्तानाची गाडी जी सुटायची! त्याच्या पोटच्या पोरानंही त्या गोष्टी कधी ऐकल्या नव्हत्या.

एका सोमवारी बाण सापडला तो जुनी जहाजं तोडतात त्या किनाऱ्यावर. सांगितलं तर म्हातारा खचेल, ही एक भीती. चारचा चहा पुन्हा मुका होईल, ही दुसरी, आणि खरं तर हीच मोठी. तिनं सरळ थापा मारायला सुरुवात केली. जुनेच आकडे खालीवर करून ती रोज वाचू लागली.

आठव्या दिवशी तिनं वाचलं, "बंदराकडे परत येतंय. बुडालंय सहा पूर्णांक आठ मीटर."

कप्तानानं कप खाली ठेवला.

"सहा पूर्णांक आठ म्हणजे पोट भरलेलं. जाताना भरलेलं असतं, येताना रिकामं. या आठवड्यात तीनदा गाळ परत आणलास तू."

तिनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "मग बोलला का नाहीत, बाबा?"

"बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी मशीन थांबवून आली असतीस?"

तिनं खरा नकाशा उघडून मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला. मग त्यानं एवढंच विचारलं, बुडालंय किती? तीन पूर्णांक दोन, तिनं सांगितलं.

"पोट रिकामं करून नेलंय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत. "चांगलं केलं."

चहा पार गार झाला होता. ती कप उचलायला लागली, तसं त्यानं तिला हातानं थांबवलं.

"दुसरं एखादं शोध. जरा तरणं बघ."

तिनं नाक पुसलं आणि शोधलं. लांबी एकशे बारा मीटर, यंदाच पाण्यात उतरलेलं.

"फारच थोराड आहे," कप्तान कुरकुरला. "बरं, वाच."