सासूबाईंच्या दुखण्याची उपकारस्तुती

माझी बायको ओदिलिया भांडून माहेरी गेली, तेव्हा मी चर्चमध्ये सांगितलं की सासूबाई आजारी आहेत, म्हणून गेली. दुसरं काय सांगणार? तिला न विचारता मी तिचं शिलाई मशीन विकलं होतं आणि चर्चला नवा स्पीकर आणला होता. त्याच स्पीकरवर दर रविवारी माझी गिटार घुमत होती.

पण आमची मंडळी दुखणं ऐकून गप्प बसणाऱ्यातली नाही. प्रार्थनेची पुढारी हर्मेलिंदाताई. तिने तिथंच विचारलं, “एलिसेओभाऊ, काय होतंय त्यांना?”

घाईत माझ्या तोंडून निघालं, “पित्ताशय.”

झालं! दर बुधवारी उपास लागला. अख्खं गाव माझ्या सासूच्या पित्ताशयासाठी गुडघे टेकून बसायला लागलं. मीही बसायचो.

पावसाळा सरता सरता ओदिलिया परत आली आणि मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! प्रार्थना ऐकली गेली म्हटल्यावर उपकारस्तुती आलीच. आमची रीत अशी की बऱ्या झालेल्या माणसानं पुढं येऊन साक्ष द्यायची, आभाराचं गीत गायचं आणि मग सगळ्यांनी पानात वाफवलेले मक्याचे तमाल पोटभर खायचे. हर्मेलिंदाताईने सासूबाईंना परस्पर निरोप धाडला, रविवारी या, गीत तयार ठेवा. ओदिलियाला काही सांगायची माझी छाती झाली नाही.

रविवारी सासूबाई, म्हणजे दोन्या त्रान्सितो, बसमधून उतरल्या आणि डोक्यावर मक्याची टोपली घेऊन अख्खा चढ चढून आल्या. धापसुद्धा लागली नव्हती. हर्मेलिंदाताईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“बघा, काय चमत्कार आहे! आता कसं आहे पित्ताशय?”

“कुणाचं?” सासूबाई म्हणाल्या.

मी जोरात गिटार छेडली. बायकांच्या बाकावरून ओदिलियाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. मागच्या वेळी तसं बघून तिने बस पकडली होती.

पाळकांनी सासूबाईंना पुढं बोलावून माईक दिला. आता चारचौघांत अब्रू जाणार, आणि तिच्या मागोमाग बायकोही.

“दुखणं होतं,” सासूबाई आमच्या किचे बोलीत म्हणाल्या. “माझ्या घरातच होतं. जेवायला वाढलं की ताट सरकवायचं. उशीत तोंड खुपसून रडायचं. विचारलं तर म्हणायचं, मला काय धाड भरलीय!”

बायका ओदिलियाकडे बघून हसायला लागल्या.

“माझं पित्ताशय ठणठणीत आहे. तुमच्या प्रार्थनेचा पत्ता थोडा चुकला, पण घर तेच होतं. आणि जावईबापूंवर रागावू नका. खोटं त्यांना पटकन सुचतं, खरं बोलायला जरा वेळ लागतो.”

सगळं चर्च हसलं. हर्मेलिंदाताई मात्र हसली नाही, तिचे इतके उपास झाले होते. मग सासूबाईंनी गीत धरलं. बोलतो आम्ही किचेत, पण आभाराची गीतं आम्हाला स्पॅनिशमध्येच पाठ. दर कडव्याला “ग्रासियास”, म्हणजे धन्यवाद, आलं की मागून सगळे सूर मिळवत होते.

ओदिलिया उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“उपास तूही केलेस?”

“सगळे.”

“आईच्या पित्ताशयासाठी?”

“तोंडानं तसं म्हणायचो,” मी म्हणालो. “मनात म्हणायचो, ती परत येऊ दे.”

माझं वाजवणं कधी थांबलं, मला कळलंच नाही. लाजेनं मान वर होत नव्हती, आणि तरी असा आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

गीत संपलं तशी तिने माझ्या गळ्यातून गिटार काढून घेतली.

“मग आभार आईनं का मानायचे? जा, तू जा पुढं. आणि खरं कारण सांग.”

मी जाऊन माईक घेतला.

“ती भांडून गेली होती,” मी म्हणालो. “चूक माझी होती. तरी ती आली.”

पुढं बोलवेना, म्हणून मी गायला लागलो.